टॉवरवर मासे मोजायला निघालेल्या मुलीला

अगं, मेसेज वाचला, अलास्कात ब्रिस्टल बेला सीझनभर काम मिळालं हे फार भारी झालं! जायच्या आधी माशांच्या संख्येचा अंदाज बांधणारी कुठली गणिती मॉडेल्स वाचून ठेवू असं विचारलंयस. मॉडेल्स नंतर बघू, आधी मोजणी नीट समजून घे, कारण तिथे मासेमारी आज चालू ठेवायची की बंद हे तुझ्या हातातल्या क्लिकरच्या, म्हणजे बटण दाबून मोजायच्या यंत्राच्या, आकड्यावर ठरतं, मी वाढवून सांगत नाहीये.

रत्नागिरीला तू शिकलीस ते बंदरावरनं. बांगडा किती उतरला, बोटी किती, किती तास जाळं टाकलं, त्यावरनं समुद्रात किती असेल याचा अंदाज. तिथल्या सॉकाय सॅल्मन या माशाचं वेगळंय. तो अंडी घालायला आपल्याच नदीत परत येतो आणि जिथे धार कमी तिथून, म्हणजे काठाकाठानेच वर चढतो, म्हणून दोन्ही काठांवर टॉवर उभे केले की माणूस त्याला नुसत्या डोळ्यांनी मोजू शकतो. क्विचॅक, नॅकनेक, वुड अशा तिथल्या स्वच्छ पाण्याच्या नद्यांवर १९५० च्या दशकापासून हेच चालू आहे. दर तासाला प्रत्येक काठावर १० मिनिटं मोजायचं आणि ६ ने गुणायचं, रात्रीसुद्धा, दिवे लावून. उलटा खाली जाणारा मासा वजा करायचा, हे लक्षात ठेव. आणि पाऊस-वाऱ्याने पाण्यावर लाटा उठून तळ दिसेनासा झाला तर ती १० मिनिटं "दिसलं नाही" म्हणून लिही, शून्य लिहू नकोस आणि आधीच्या तासावरनं अंदाजाने भरूही नकोस. शून्य म्हणजे मासे नव्हते, आणि ते खोटं आहे.

जाळ्यातून सुटून वर गेलेल्या माशांना तिथे एस्केपमेंट म्हणतात आणि सगळं मॅनेजमेंट त्याच्याभोवती फिरतं. क्विचॅकचं टार्गेट २० लाख ते १ कोटी, एवढी मोठी रेंज बघून तू म्हणशील हे कसलं टार्गेट. पण बिल रिकर या कॅनडाच्या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं की अंडी घालणारे मासे फार वाढले तर पुढची पिढी वाढेलच असं नाही, ते एकमेकांची घरटी उकरतात, तळ्यात पिल्लांना खायला पुरत नाही. कमी सोडले तर नुकसान, अतोनात सोडले तरी फायदा नाही, आणि वरनं समुद्र दरवर्षी वेगळा वागतो, म्हणून रेंज. टॉवरचा आकडा मागे पडला की मॅनेजर बोटी थांबवतो, पुढे गेला की जास्त तास सोडतो. २०२२ ला अख्ख्या ब्रिस्टल बेमध्ये सुमारे ७.९ कोटी सॉकाय आले, त्यातले ६ कोटींच्या आसपास पकडले, तरी नद्यांमध्ये पुरेसे वर गेले. मला हे फार मोठं काम वाटतं.

सीझनआधीच्या भाकितावर मात्र जीव टाकू नकोस. कॅनडात फ्रेझर नदीवर २००९ ला १ कोटीहून जास्त सॉकाय येतील असा अंदाज होता, आले साधारण १५ लाख, सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला, आणि पुढच्याच वर्षी जवळपास ३ कोटी आले! भाकीत करायचंच, पण निर्णय बदलायचा तो नदीत काय दिसतंय त्यावर.

अलास्कातल्याच युकॉनसारख्या गढूळ नदीत टॉवर चालत नाही, तिथे सोनार, म्हणजे पाण्यात आवाजाच्या लहरी सोडून मासा टिपणारं यंत्र. सोनारला मासा दिसतो पण कुठल्या जातीचा ते कळत नाही, म्हणून सोबत जाळं टाकून प्रमाण काढावं लागतं. तिथला चिनूक (सॅल्मनचीच दुसरी जात) इतका घटलाय की २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडाने ७ वर्षं, म्हणजे त्याचं एक अख्खं आयुष्यचक्र, त्याची मासेमारी बंद ठेवायचं ठरवलं. नदीकाठच्या आदिवासी गावांची हिवाळ्याची बेगमी त्यात गेली. अशा गावातला कोणी तुझा आकडा विचारायला आला तर थांबून समजावून सांग, त्यातली चूक किती असू शकते तेही सांग.

खवले काढायचं कामही माग, त्यावरनं वय कळतं आणि वय कळल्याशिवाय कुठल्या वर्षीच्या आईबापांची ही पिढी ते लागत नाही. या जुलैत तू वर सोडलेल्या माशांची पोरं बहुतेक ४ ते ६ वर्षांनी परतणार, तोवर तुझी वही कोणीतरी उघडणार आहे, तेव्हा तारीख, वेळ, काठ, पाणी कसं होतं हे सगळं पेन्सिलने स्वच्छ लिही, पेनची शाई पावसात जाते. पाण्यावरची चकाकी कमी करणारा पोलराइज्ड चष्मा चांगला घे आणि डासांसाठी डोक्यावरची जाळी इथूनच ने.