कुत्र्याचा शॅम्पू, वाइप्स, पावडर अर्धी वापरून फेकावी लागते. नीट कशी ठेवावी?

सगळ्यात जास्त नासाडी शॅम्पूची होते, आणि तीही पाणी घातल्यामुळे. बाटली संपत आली की बरेच जण त्यात पाणी घालून ठेवतात. त्यातलं प्रिझर्व्हेटिव्ह मूळ प्रमाणासाठी असतं; पाणी पडलं की ते पातळ होतं आणि जंतू वाढतात. वास आंबूस आला किंवा वर पाणी, खाली चोथा असं दिसलं, तर तो अंगाला लावू नका. आंघोळीपुरता शॅम्पू मगमध्ये घेऊन तिथेच पातळ करा, उरलेला ओतून द्या.

बाटली गिझरखाली किंवा खिडकीच्या उन्हात नको. बाथरूमबाहेरचं बंद कपाट बरं. उघडल्याची तारीख मार्करने बाटलीवरच लिहा. लेबलवर उघड्या डबीच्या चित्रात ‘१२एम’ असेल, तर उघडल्यापासून १२ महिने.

वाइप्सचं पाकीट झाकणाची बाजू खाली करून ठेवा, म्हणजे वरचे वाइप्स कोरडे पडत नाहीत. पावडरच्या डब्यात ओला हात घालू नका, पावसाळ्यात तर लगेच गुठळ्या होतात. तारेचा ब्रश केस काढून, पुसून, पूर्ण वाळवूनच ड्रॉवरमध्ये, नाहीतर गंजतो.

गोचिडांची औषधं मात्र वेगळ्या डब्यात, मूळ खोक्यासकट. घरात मांजर असेल तर हे पाळाच, कारण कुत्र्यांच्या काही औषधांतलं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजरांना विषारी असतं. मुदत संपलेलं औषध मोरीत ओतू नका, पाण्यातल्या माशांना घातक असतं.

आणि हो, ‘स्वस्त पडतं’ म्हणून एका छोट्या पगसाठी शॅम्पूचा ५ लिटरचा कॅन घेऊ नका.