राखणीला तापट कुत्रा मागणाऱ्याला काळू देऊ नकोस

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये जागा नाही, आणि देवगडचा एक बागायतदार काळूला आजच न्यायला तयार आहे. तुला हो म्हणावंसं वाटतंय, ते मी समजू शकतो. पण त्याचे शब्द तूच लिहिले आहेस: "कलमांच्या राखणीला तापट कुत्रा पाहिजे." हापूसचा हंगाम मार्च ते मे. तेवढे दिवस काळू कलमाखाली साखळीला राहील. आंबे उतरले की राखण संपेल, मग त्याच्याकडे बघणार कोण? शिवाय आपल्याकडे बिबट्या रात्री वाडीत उतरतो, आणि बांधलेल्या कुत्र्याला पळायला वाट नसते.

अंगावर जाणारा कुत्रा शूर असतोच असं नाही. पुष्कळदा तो घाबरलेला असतो. काळूसारख्याला राखण शिकवावी लागत नाही, ती त्याच्या अंगातच असते. त्याला शिकवावं लागतं ते कुणाला आत येऊ द्यायचं. कोकणातल्या घरात माणसांचा राबता किती ते तुला ठाऊक आहे. सकाळी मासेवाली, दुपारी गॅसवाला, शिमग्यात ढोल वाजवत दारात येणारी पालखी, गणपतीत आरतीला भरलेली पडवी. म्हणून मागायला येणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचार: वर्षभर घरात कोण असतं?

एकदा एक कुत्रा देताना हा प्रश्न मी विचारला नव्हता. घर सुरेख होतं, अंगणाला चिऱ्यांचा उंच गडगा, पण मालक मुंबईला. शेजारचा गडी दोन वेळा भात टाकून जायचा. गणपतीत सगळं कुटुंब मुलाबाळांसह आलं. कुत्र्याच्या लेखी ती सगळी परकी माणसं. तो एका मुलाला चावला. चूक माझी होती, शिक्षा मात्र मुलाला आणि कुत्र्याला झाली. परत आल्यावर तो कुत्रा कितीतरी दिवस कोपऱ्यातून उठला नाही. ते अजून मनातून जात नाही.

काळूसाठी भरपूर चालणारा माणूस शोध. पहाटे ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट पुळणीवर तासभर त्याच्याबरोबर जाईल असा. उन्हं चढल्यावर वाळू आणि कातळ दोन्ही पाय भाजतात, हे त्याला सांग. हातात जोर हवा, कारण काळू ओढतो. तान्हं मूल असलेलं घर त्याच्यासाठी नको. रात्री तो दाराआड झोपला पाहिजे.

त्याचे दोष लपवू नकोस. स्कूटरमागे धावतो, ताटलीजवळ कुणी आलं की गुरगुरतो, हे आधीच सांग. ऐकून जो मागे सरेल त्याला जाऊ दे. जो "मग काय करायचं?" विचारील, त्याला तीनदा बोलाव, प्रत्येक वेळी काळूला घेऊन फिरायला पाठव. मग पंधरा दिवस घरी ने म्हणावं, जमलं नाही तर परत आण, मनाला लावून घेऊ नकोस. नसबंदी आणि रेबीजची लस झाल्याशिवाय सोडू नकोस. भातशेतीच्या गावात जाणार असेल तर लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची, लसही डॉक्टरांना विचारून दे. गोचिडांचं औषध पावसाआधीच सुरू करायला सांग.

शिमग्यापर्यंत काळू तुझ्याकडेच राहिला तरी चालेल. बागायतदाराला आजच नाही म्हणून कळव. पालखी रस्त्यावरून जाईल त्या दिवशी काळूला लांब उभा कर, ढोल ऐकू दे, हातातून खाऊ देत राहा. त्याने खाल्लं की नाही ते मला लिही.