बिनतारी तारांबळ

या महिन्याच्या पत्रांत चार जणांनी एकाच वस्तूबद्दल विचारलंय: अंगठ्याच्या पेराएवढा यूएसबी वायफाय अडॅप्टर, जो लिनक्सवर (विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत प्रणालीवर) काही केल्या जोडला जात नाही. आमच्या दुकानात त्याला सगळे डाँगल म्हणतात, मीही तेच म्हणणार. आपल्या अंकात रोमन अक्षरं छापत नाहीत, म्हणून टर्मिनलमधल्या (मशीनला लेखी हुकूम द्यायच्या खिडकीतल्या) आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देते. तुम्ही त्या इंग्रजी लहान लिपीत टाइप करायच्या. कॅपिटल अक्षर आलं की आज्ञा चालत नाही.

ताई, मी आजरा तालुक्यात एका शाळेत शिकवते. शाळेतल्या जुन्या डेस्कटॉपवर भाच्याने लिनक्स मिंट २२ टाकून दिलं. मशीन आता चांगलं पळतं, पण त्याला वायफाय नाही, म्हणून मी डाँगल मागवला. खोक्यावर "६०० एमबीपीएस, ड्रायव्हरची गरज नाही" असं लिहिलंय. लावला की नेटवर्कच्या यादीत काहीच येत नाही, उलट स्क्रीनवर सीडीचं चित्र येतं. आमच्या मशीनला सीडी ड्राइव्हच नाही! भाच्याने नेटवरून ड्रायव्हर उतरवून दोन रविवार घालवले, शेवटी नुसत्या एररच्या ओळी. डाँगल परत पाठवू का?
— एक शिक्षिका, आजरा

बाई, परत पाठवू नका. आणि सीडीच्या चित्राचं वाक्य तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. लोक तेच गाळतात, कारण त्यांना वाटतं त्याचा वायफायशी काय संबंध.

तो सीडी ड्राइव्ह म्हणजे तुमचा डाँगलच. "ड्रायव्हरची गरज नाही" याचा खरा अर्थ, ड्रायव्हर (मशीनला ती वस्तू चालवायला शिकवणारा छोटा प्रोग्राम) त्याच्या पोटात आहे. विंडोजवाल्यांना वेगळी सीडी द्यायला नको म्हणून डाँगल लावल्याबरोबर तो "मी सीडी आहे" असं सांगतो. विंडोजमध्ये त्या सीडीवरून ड्रायव्हर बसतो आणि तो ड्रायव्हर डाँगलला इशारा करतो की सोंग पुरे, आता वायफाय हो. आपल्या मिंटला त्या विंडोजच्या फायलीचा काही उपयोग नाही. इशारा मिळत नाही, डाँगल सीडी होऊन बसून राहतो. भाच्याचा ड्रायव्हर नीट बसला असता तरी काही घडलं नसतं. मांडवात नवराच नाही आणि भटजी मंगलाष्टकं म्हणतोय, अशातली गत.

आता हे करा. टर्मिनल उघडा आणि "एलएसयूएसबी" असं सलग लिहून एंटर दाबा. यूएसबीला जे जे लावलंय त्याची एकेक ओळ येईल: माउस, कीबोर्ड, डाँगल. प्रत्येक ओळीत "आयडी" या शब्दापुढे चार अक्षरं, मग दोन टिंबं, मग आणखी चार अक्षरं असतात. पहिली चार बनवणाऱ्याची, दुसरी चार वस्तूची. "०बीडीए" म्हणजे रिअलटेक. तुमच्याकडे "०बीडीए:१ए२बी" दिसेल असा माझा अंदाज आहे. पुढे कंसात "ड्रायव्हर सीडीरॉम मोड" असंही लिहिलेलं असेल, म्हणजे चोरी कबूलच. (त्याच ओळीत चिपचं जे नाव दिसेल त्यावर विसंबू नका. हा १ए२बी आकडा रिअलटेकच्या एकाहून जास्त चिपा वापरतात.)

मग स्क्रीनवरच्या त्या सीडीवर उजवी क्लिक करा आणि इजेक्ट म्हणा. मनात दहापर्यंत मोजा. सीडी गायब होईल. पुन्हा तीच आज्ञा द्या आणि आकडा बघा. डाँगल तोच, पोर्ट तेच, पण आता "०बीडीए:सी८११" आला असेल. तो आला की कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या चिन्हात नावं दिसायला लागतात. बऱ्याच ६००वाल्या डाँगलमध्ये हेच निघतं. दुसराच काही आकडा आला तर तो मला लिहून पाठवा.

सी८११ला नेटवरचा ड्रायव्हर लागत नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये आलेल्या कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.२पासून त्याचा ड्रायव्हर कर्नलच्या आतच आहे, आणि मिंट २२ येतं तेच ६.८ घेऊन. भाच्याने बघितलेले व्हिडिओ बहुधा मिंट २१च्या काळातले असणार. तेव्हा कर्नल ५.१५ होता, त्यात हा ड्रायव्हर नव्हता, बाहेरून आणून आपल्या मशीनवर बांधावा (कंपाइल करावा) लागे. तेव्हा भाच्यावर रागावू नका, सल्ला खरा होता पण शिळा होता.

आता अडचण एवढीच की मशीन बंद करून सुरू केलं की डाँगल पुन्हा सीडी होणार. त्यावर "यूएसबी-मोडस्विच" नावाचं छोटं पॅकेज आहे, डाँगलला तो इशारा देण्याचंच त्याचं काम. आधीपासून बसलेलं नसेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या. तेव्हा इंटरनेट कुठून आणायचं? फोनमधून. अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि सेटिंगमध्ये हॉटस्पॉटजवळच "यूएसबी टिथरिंग" आहे ते चालू करा. मिंट त्याला तारेचं नेटवर्क समजून लगेच जोडून घेतं. ते बटण फिकटच राहिलं तर केबल बदला. स्वस्त केबलींत नुसत्या चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. माझ्या खणात अशा सहा आहेत, ओळखू याव्यात म्हणून त्यांना लाल दोरा बांधून ठेवलाय.

मोडस्विच बसवूनही रोज सकाळी सीडीच येत असेल तर माझा गावठी उपाय. "स्टार्टअप ॲप्लिकेशन्स" उघडा, नवी आज्ञा जोडा: "इजेक्ट", मग एक जागा, मग तिरकी रेघ, "डीईव्ही", तिरकी रेघ, "एसआर०" (शेवटचं शून्य आहे). विलंब दहा सेकंद ठेवा. ज्यांच्या मशीनला खरा सीडी ड्राइव्ह आहे त्यांनी शून्याच्या जागी एक लावून बघावं, नाहीतर रोज सकाळी खरा ट्रे बाहेर येईल.

खोक्यावरच्या ६०० आकड्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. २.४ गिगाहर्ट्झवरचे १५० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ४३३ (वायफायच्या या दोन रेडिओ पट्ट्या), यांची बेरीज करून वर गोल केलेला तो आकडा आहे. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

ताई (वयाने मी मोठा असलो तरी ताईच म्हणतो), गेली दोन वर्षं मिंट आणि डाँगल बिनतक्रार चालू होतं. पंधरा दिवसांपूर्वी केबलवाल्याने राउटर बदलला, तेव्हापासून गोंधळ. वायफायचं नाव दिसतं, रेंज पूर्ण दिसते. पासवर्ड टाकला की चक्र फिरतं आणि पुन्हा पासवर्डच मागतं. फोनवर तोच पासवर्ड चालतो. मुलगा म्हणतो डाँगल गेला. मी मशीनमध्ये दुसरा काहीच बदल केलेला नाही, फक्त वर्तमानपत्रांना पत्रं लिहिण्यासाठी गेल्या महिन्यात मराठी कीबोर्ड बसवला.
— एक सेवानिवृत्त वाचक, डोंबिवली

काका, नाव दिसतं म्हणजे डाँगल जिवंत आहे आणि ड्रायव्हरही. अडलंय ते त्यानंतर. मुलाला सांगा, चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नकोस.

नक्की कुठे अडलंय ते मशीन स्वतः लिहून ठेवतं. टर्मिनलमध्ये "सुडो", जागा, "जर्नलसीटीएल", जागा, आडवी रेघ आणि "एफ" असं लिहा. "जर्नल" म्हणजे मशीनची वही, स्पेलिंग त्याच इंग्रजी शब्दाचं. मशीनचा पासवर्ड मागेल तो द्या. खिडकीत ओळी धावायला लागतील. ती खिडकी बाजूला तशीच ठेवून वायफाय जोडा आणि जोडताना ओळी वाचा.

"फोर-वे हँडशेक फेल्ड, प्री-शेअर्ड की मे बी इनकरेक्ट" अशी ओळ आली तर पासवर्ड चुकतोय. राउटर आणि डाँगल एकमेकांना चार निरोप पाठवतात आणि पासवर्ड न उच्चारता तो दोघांकडे सारखाच आहे याची खात्री करून घेतात. त्यात जमलं नाही तर ही ओळ येते.

तुम्ही म्हणाल, फोनवर चालतो तोच तर टाकतोय. मला वाटतं तुम्ही तो मराठीत टाकताय. कीबोर्ड इनस्क्रिप्टवर (मराठी अक्षरांच्या मांडणीवर) राहिला असेल तर इंग्रजी "जे"च्या बटणाने पेटीत "र" पडतो, "एल"ने "त". पण पासवर्डच्या पेटीत सगळ्यांचे नुसते ठिपके दिसतात, ठिपक्यावरून लिपी काय कळणार? जुन्या राउटरचा पासवर्ड मशीनने मराठी कीबोर्ड यायच्या आधीच जपून ठेवला होता, त्यामुळे दोन आठवडे काही जाणवलं नाही. नवा राउटर आला आणि पासवर्ड पहिल्यांदा हाताने टाकायची वेळ आली. त्या पेटीत "पासवर्ड दाखवा"ची सोय आहे, ती चालू करून टाइप करा. देवनागरी उमटली तर खालच्या पट्टीतून कीबोर्ड इंग्रजीवर आणा. माझ्याकडे एक गृहस्थ याच कारणासाठी कऱ्हाडहून लॅपटॉप घेऊन आले होते. मी त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत, पण चहा घेतला.

इंग्रजीत नीट टाकूनही जमत नसेल आणि वहीत "ऑथेंटिकेशन" पुढे "टाइम्ड आउट" दिसत असेल, तर प्रकरण वेगळं आहे. त्यात राउटर डाँगलला उत्तर देत नाही किंवा ते उत्तर डाँगलपर्यंत पोचत नाही. आधी डाँगल डेस्कटॉपच्या मागच्या बाजूच्या पोर्टला लावा. पुढच्या पोर्टची आतली वायर कधीकधी कच्ची असते, वीज कमी पडते. तरीही तेच असेल तर मग मॅक पत्ता (प्रत्येक डाँगलचा स्वतःचा ओळख क्रमांक) बघा. आजूबाजूची नेटवर्कं शोधताना आपली ओळख लपावी म्हणून नेटवर्क मॅनेजर (वायफाय जोडून देणारा प्रोग्राम) डाँगलला खोटा पत्ता लावतो, जोडताना खरा लावतो. काही स्वस्त डाँगलांचा या अदलाबदलीत गोंधळ होतो. मिंटमध्ये "ईटीसी"च्या आत "नेटवर्कमॅनेजर" फोल्डर आहे (इथे "एन" आणि "एम" मात्र कॅपिटल) आणि त्यात त्याच नावाची, शेवटी "टिंब कॉन्फ" असलेली फाइल. तिच्यात आधीच नसतील तर तळाशी दोन ओळी घालायच्या. पहिलीत चौकटी कंसात "डिव्हाइस". दुसरीत "वायफाय", टिंब, मग "स्कॅन-रँड-मॅक-ॲड्रेस" (मधे आडव्या रेघा, जागा नाही), बरोबरचं चिन्ह आणि "नो". "रँड"मध्ये फक्त आर-ए-एन-डी. मशीन बंद करून सुरू करा.

इमारतीतल्या सगळ्यांचं वायफाय दिसतं, आमचंच दिसत नाही. राउटर टेबलावर, मशीनपासून दोन फुटांवर!
— एक विद्यार्थिनी, पनवेल

तुझ्या डाँगलच्या खोक्यावर "एन १५०" किंवा "एन ३००" लिहिलंय का बघ. असेल तर तो बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकतो, आणि तुमचा राउटर बहुतेक ५वर बोलतोय. राउटरच्या सेटिंगच्या पानावर २.४ चालू कर, जमल्यास दोघांना वेगळी नावं दे. २.४ चालू असूनही दिसत नसेल तर चॅनेल बघ. राउटर १२ किंवा १३वर असेल तर काही डाँगल तिथे ऐकतच नाहीत, कारण अमेरिकेत वायफाय साधारणपणे ११पर्यंतच वापरतात आणि ते त्याच हिशेबाने बसवलेले असतात. चॅनेल १, ६ किंवा ११ कर.

लिनक्ससाठी डाँगल घ्यायचा आहे. कोणत्या कंपनीचा घेऊ?
— एक वाचक, इंदूर

कंपनीचं नाव मी सांगणार नाही, कारण ते विचारून उपयोग नाही. आतली चिप विचारा. मीडियाटेकची "एमटी७६१२यू" कर्नल ४.१९पासून, म्हणजे २०१८पासून आत आहे. वायफाय ६ हवं असेल तर "एमटी७९२१एयू", ५.१८पासून. साधं २.४ चालत असेल तर अथेरॉसची जुनी "एआर९२७१" अजून दणकट आहे. या तिघींना बाहेरून ड्रायव्हर आणावा लागत नाही. तो लागला की सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असलेल्या मशीनवर सहीची भानगड येते आणि प्रत्येक नव्या कर्नलबरोबर तो पुन्हा बांधावा लागतो.

आणि मॉडेल नंबर सारखा म्हणजे चिप सारखी, असं समजू नका. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे प्रसिद्ध उदाहरण: पहिल्या आवृत्तीत अथेरॉस, दुसरीपासून रिअलटेक. बाहेरून दिसायला सारखेच, फरक मागच्या लेबलावरच्या बारीक "व्ही१", "व्ही२"चा. मी कॉलेजच्या लॅबमध्ये होते तेव्हा एकदा दहा डाँगल आले, एकाच बिलावर, एकसारख्या खोक्यांत. सात लगेच जोडले गेले, तीन नाहीत. संध्याकाळी साडेसातपर्यंत मी त्या तीन मशीनांचे पोर्ट, केबिनेट, अगदी पासवर्डसुद्धा तपासत बसले. वॉचमन दोनदा किल्ल्या वाजवून गेला. शेवटी सातांतला एक आणि तिघांतला एक शेजारी लावून आकडे बघितले, तर चिपाच वेगळ्या.

दुकानातून घेत असाल तर मिंटचा पेनड्राइव्ह आणि लॅपटॉप सोबत न्या. पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करा, लॅपटॉपचं स्वतःचं वायफाय बंद ठेवा, डाँगल लावा, आकडा बघा, तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडून बघा. दुकानदार कुरकुरेल. मीही कुरकुरते, पण लावू देते.