वाचक विचारतात : ‘कणा’ अजूनही का भिडते?

प्रश्न : कुसुमाग्रजांची ‘कणा’ शाळेपासून पाठ आहे, तरी शेवटाकडे येताना दर वेळी घसा दाटतो. जिद्दीच्या इतर कवितांचं असं होत नाही. हिच्यात काय वेगळं आहे? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : या कवितेत उपदेश करणारं कुणीच नाही. पुरात सगळं गमावलेला जुना विद्यार्थी भर पावसात सरांकडे येतो, घडलं ते सांगतो आणि सरांचा हात खिशाकडे जाताच उठतो. पैसे नकोत, एकटं वाटलं म्हणून आलो, म्हणतो. सर पूर्ण कवितेत एक शब्दही बोलत नाहीत. ‘ओळखलंत का सर मला?’ या पहिल्या प्रश्नालाही उत्तर मिळत नाही. त्याला ‘लढ’ हा एक शब्द हवा असतो, तो मागून कविता थांबते. सरांनी तो म्हटला की नाही, कळत नाही. मग तो म्हणायची पाळी आपल्यावर येते, आणि घसा दाटतो तो तिथेच.

शिवाय हा माणूस नदीला बोल लावत नाही. गंगामाई पाहुणी म्हणून आली, माहेरवाशिणीसारखी घरभर नाचली, असं सांगतो. माहेरवाशिणीला रिकाम्या हाती पाठवत नाहीत, म्हणून घरातलं सगळं गेलं. आणि त्याच दमात, बायको तेवढी वाचली. ‘भिंत’ किती वेळा येते बघा. आधी चार भिंतींचं घर, मग खचलेली भिंत, मग त्याने बांधायला घेतलेली पडकी भिंत. पाणी सुरुवातीला केसांवर असतं, नंतर पापण्यांत. रडलो, असं तो कुठेही म्हणत नाही. उलट दोनदा हसतो. हे हसू वाचणाऱ्याला सोसत नाही.

नाशिककरांना ती आणखी जवळची वाटणारच. कवितेत गावाचं नाव नाही, पण आपण गोदावरीला गंगाच म्हणतो आणि पूर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो : गुडघ्याला लागला, कमरेला लागला, गळ्याशी आला. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर ज्यांनी पाहिले, त्यांना चूल विझणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. मराठी भाषा गौरव दिनाला ‘कणा’ म्हणणार आहे. भाव कमी पडतो, असं तिला सांगितलं जातं. तयारी कशी करून घ्यावी? (एक पालक, सिडको)

उत्तर : भाव कमी असेल तर बिघडत नाही, जास्त झाला की कविता मोडते. रडवेला आवाज पूर्ण टाळा. सांगणारा हसून सांगतोय आणि म्हणणारी रडतेय, असं झालं की ऐकणाऱ्याला रडायला जागाच उरत नाही.

पहिले दोन दिवस पाठांतर नको. कागदावर दोन रंगांनी खुणा करा, सांगणाऱ्याच्या ओळी एका रंगात आणि ‘क्षणभर बसला’सारखं वर्णन दुसऱ्या. आवाज बदलून नाटक करू नये. वर्णनाचा वेग थोडा कमी ठेवला तरी फरक कळतो. नदी आल्याच्या ओळी हलक्या, जवळजवळ कौतुकाच्या सुरात जाव्यात. बायको वाचली, तिथे श्वास सोडायचा. बांधकाम आणि चिखल उपसण्याच्या ओळींना कामाची लय आहे, तिथे वेग आपोआप वाढतो, तो वाढू द्या. खरी थांबायची जागा ‘पैसे नकोत सर’नंतर. मनात दोन अंक मोजायचे, मग एकटेपणाची कबुली, आवाज खाली आणून. मुलं नेमकी हीच ओळ शेवटाच्या घाईत गिळतात.

‘लढ’ हा शब्द मूठ उगारून ओरडायचा नाही. ती मूठ कुसुमाग्रजांचीच ‘कोलंबसाचे गर्वगीत’ ही कविता म्हणताना शोभते. इथे एक थकलेला माणूस मागणं मागतोय. शिवाय माइकजवळ ओरडलं की शब्द फाटतो. तोंड वीतभर लांब ठेवून नेहमीच्या आवाजात म्हणावं. सगळी कविता सव्वा ते दीड मिनिटात होते. मिनिटाच्या आत संपली, तर थांबे गेले असं समजा.

प्रश्न : भांडी बाजारातल्या मित्राचं दुकान पुरात बुडालं होतं. पुन्हा तशी वेळ आली तर त्याला ही कविता पाठवावी का? (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : पाठवण्याआधी जा. कवितेतला माणूस स्वतः चालत आलाय, आपला मित्र येईलच असं नाही. पाणी ओसरलं की आधी मेन स्विच बंद असल्याची खात्री करा आणि फावडं, घमेलं घेऊन हात लावा. गाळ ओला आहे तोवर निघतो, वाळला की खरवडावा लागतो. पैशांची मदतही जरूर करा. कवितेतल्या माणसाने पैसे नको म्हटलं, म्हणून सगळ्यांना ते नकोच असतात असं नाही.

प्रश्न : मोबाइलवर फिरणाऱ्या ‘कणा’त शब्द वेगवेगळे दिसतात. कुठला पाठ धरावा? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : छापील पुस्तकातला. कुसुमाग्रजांचे संग्रह सार्वजनिक वाचनालयात मागून पाहा. स्पर्धेसाठी पान समोर ठेवून हाताने उतरवून घ्या आणि विरामचिन्हंही जशीच्या तशी घ्या. अवतरणचिन्ह कुठे सुरू होतं, कुठे संपतं, यावरून कोण बोलतंय ते ठरतं, आणि मोबाइलवर तेच आधी गळतं.