जॅझचे पुढचे अल्बम शोधायचे कसे?

प्रश्न: आमच्या घरात सगळं शास्त्रीयच, बाबा पेटी वाजवतात. ऑफिसातल्या एका गोव्याच्या मित्रानं माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ आणि डेव्ह ब्रुबेकचा ‘टाइम आउट’ ऐकवला, दोन्ही जाम आवडले. मग अ‍ॅपनं ऑर्नेट कोलमनचा ‘फ्री जॅझ’ लावला आणि डोकंच उठलं. कॅफेत वाजतात तसल्या प्लेलिस्ट लावल्या तर झोप येते. मधलं काही आहे का? आणि भारी स्पीकर घ्यावे लागतात काय?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर: अहो ताई, ‘फ्री जॅझ’मध्ये चार-चार जणांचे दोन बँड एकाच वेळी वाजतात, एक डाव्या कानात, एक उजव्या कानात, आणि तेही सदतीसेक मिनिटं, मग डोकं उठणारच की! राहू दे ते बाजूला. अ‍ॅपला तेवढंच कळतं, हे पण जॅझ आणि ते पण जॅझ.

तुम्ही साथीदारांची नावं धरून चला. बेळगावच्या माणसाला हे काय वेगळं सांगायचं, रामभाऊ विजापुऱ्यांची पेटी म्हटलं की त्यांनी साथ केलेले मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व सगळे ओळीनं आठवतात. जॅझमध्ये तर आज साथीला बसलेला उद्या स्वतःच्या नावानं अल्बम काढतो. अ‍ॅपवर ही नावं बऱ्याचदा धड दिसत नाहीत, पण अल्बमच्या विकिपीडिया पानावर कोण काय वाजवतंय ते असतं.

‘काइंड ऑफ ब्लू’ १९५९ चा, त्यात पियानोवर बिल इव्हान्स, पण ‘फ्रेडी फ्रीलोडर’ या एकाच ट्यूनला विंटन केली. आता ‘सो व्हॉट’ आणि ‘फ्रेडी’ लागोपाठ लावा आणि फक्त पियानोकडं लक्ष ठेवा. इव्हान्स जागा सोडत, विचार करत वाजवतो, केली मात्र एकदम खुशीत, ठेक्यावर डोलत. इव्हान्स आवडला तर ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ घ्या, १९६१ साली न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात लाइव्ह केलेला, मधे मधे ग्लासांचा आवाज, लोकांची कुजबुजसुद्धा ऐकू येते, आणि बासवाला (बास म्हणजे खर्जातलं मोठं तंतुवाद्य) स्कॉट लफारो नुसती साथ करत नाही, पियानोला उलट उत्तरं देतो. या रेकॉर्डिंगनंतर दीडेक आठवड्यात तो गाडीच्या अपघातात गेला, वय फक्त २५.

केली आवडला तर वेस माँटगोमेरीचा ‘स्मोकिन अ‍ॅट द हाफ नोट’. मुख्य वाद्य गिटार, पण मागं केली, पॉल चेंबर्स, जिमी कॉब, म्हणजे ‘फ्रेडी’तलेच तिघं. माझं मत विचाराल तर आधी हाच.

‘काइंड ऑफ ब्लू’तले सॅक्सोफोनवाले दोघं, कॅननबॉल अ‍ॅडर्ली आणि जॉन कोल्ट्रेन. अ‍ॅडर्लीचा ‘समथिन एल्स’ ऐका, तिथं माइल्स साथीला आहे. कोल्ट्रेनचा ‘ब्लू ट्रेन’ आत्ता चालेल, ‘अ लव्ह सुप्रीम’ जरा दमानं.

‘टाइम आउट’ बाबांना ऐकवलात का? ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांचं, तीन-दोन असं (आणि ही चाल ब्रुबेकची नाही, सॅक्सोफोनवाल्या पॉल डेसमंडची, नाव मात्र सगळे ब्रुबेकचंच घेतात). मधे ड्रम्स एकटे सुटतात तेव्हा पियानो तोच तुकडा घोळवत बसतो, तबल्याच्या सोलोला बाबा लेहरा धरतात ना, तेच काम. ‘ब्लू रोंडो’त नऊ मात्रा, दोन-दोन-दोन-तीन, मोजायला लावा त्यांना.

भारी स्पीकर अजिबात नको, साधे इअरफोन पुरेत, पण मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. ‘सो व्हॉट’ची मुख्य धून बासवरच आहे, बाकीचे फक्त दोन सुरांत होकार देतात, आणि मोबाइलवर बास जवळजवळ गायबच, त्यामुळं नुसता होकार ऐकू येतो.