‘हर्षद संख्या’ की ‘हर्षदा संख्या’?

प्रश्न असा आहे: १२३४५६७८९८७६५४३२१ ही ‘हर्षद संख्या’ आहे असे वाचले. हा हर्षद कोण? आणि ‘संख्या’ स्त्रीलिंगी असताना ‘हर्षदा संख्या’ म्हणायला नको का?

हर्षद नावाचा कुणी गणिती नाही. हर्ष + द, म्हणजे आनंद देणारी. शेवटचा ‘द’ हा जलद (पाणी देणारा, म्हणून ढग), वरद, सुखद यांतलाच. देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी हे नाव दिले. त्यामुळे ‘हर्षदची संख्या’ किंवा ‘हर्षद यांची संख्या’ हे प्रयोग सरळ चूक आहेत. लिंगाचे म्हणाल तर संस्कृतात ‘हर्षदा’ होईल, पण मराठीत अकारान्त विशेषण लिंगाप्रमाणे बदलत नाही. सुखद प्रवास तशी सुखद बातमी, तशीच हर्षद संख्या. अनेकवचनातही ‘हर्षद संख्या’च.

व्याख्या एका ओळीची: अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती हर्षद. १७२९ घ्या. १+७+२+९ = १९, आणि १९ × ९१ = १७२९.

आता तुमची संख्या. १ ते ८ दोनदा म्हणजे ७२, मधला ९ मिळवून ८१. भागाकार ९ ने दोनदा करावा: पहिल्यांदा १३७१७४२१०९७३९३६९, दुसऱ्यांदा १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. म्हणजे ती हर्षद आहे. कारण फार देखणे आहे. ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग, आणि १११११११११ = ९ × १२३४५६७९. वर्ग केला की ८१ आपोआप बाहेर पडतो. मूळ अवयव पाडले तर ३⁴ × ३७² × ३३३६६७², म्हणून विभाजक ५ × ३ × ३ = ४५. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते. अशा चढत्या-उतरत्या संख्यांना ‘डेमलो’ हे नावही कापरेकरांचेच, मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकावरून दिलेले.

चुका दोन ठिकाणी होतात. एक, ‘बेरजेला भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो’ हा नियम ३ आणि ९ पुरताच आहे. २७ किंवा ८१ ला तो लावू नये. ९९९ आणि १८९९ या दोन्हींच्या अंकांची बेरीज २७, पण ९९९ = २७ × ३७, तर १८९९ ला २७ ने भागल्यावर ९ उरतात. बेरीज एकच अंक उरेपर्यंत करत राहणेही चूक. ९९ चे १८ येतात तिथेच थांबायचे. त्याचे पुढे ९ केले, तर ९९ उगीच हर्षद ठरते.

दुसरी चूक यंत्रावरची. नेहमीच्या स्प्रेडशीटमध्ये पंधराच अंक टिकतात, त्यामुळे ही सतरा अंकी संख्या १२३४५६७८९८७६५४३०० होऊन बसते आणि बेरीज ८१ ऐवजी ७८ येते. सेल आधी मजकूर स्वरूपात ठेवून अंकांची बेरीज करा आणि भागाकार कागदावर करा.