तांडेलाला विचारा : दुपारचा वारा आणि खाडीचं मुख

प्रश्न : काका, माझी 21 फुटी फायबरची होडी आहे, मागे 9.9 हॉर्सपॉवरचं मशीन. धाकट्या भावाला घेऊन पहाटे देवबागच्या संगमातून बाहेर पडतो. शिमग्यानंतर दुपारचा वारा वाढला की जाळं ओढताना नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, जागेवर राहत नाही, होडी जाळ्यावरच चढते. परत येताना मुखावर तर मागची लाट होडी आडवी करते. मोठं मशीन घ्यावं का?
— एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : मशीन राहू दे. आधी मला सांग, बर्फाचा खोका कुठे ठेवतोस? मागेच असणार. मशीन मागे, पेट्रोलचा कॅन मागे, तूही मागे. मग नाळ पाण्याबाहेर उचललेली राहते आणि वारा तिलाच धरून फिरवतो. मोठं मशीन लावलंस तर मागचं वजन अजून वाढेल.

जाळ्यावर काम करताना खोका आणि भाऊ, दोघांनाही पुढे घे. नाळ चार बोटं जरी खाली बसली तरी होडी पाणी धरते. ओढायला सुरुवात वाऱ्याखालच्या, म्हणजे वारा जिकडे जातो त्या टोकाकडून कर आणि जाळं नाळीजवळून, वारा येतो त्या अंगाने वर घे. मग वारा तुला जाळ्यापासून लांब ढकलतो, जाळं ताणलेलं राहतं आणि मशीनच्या पंख्यात जात नाही. उलट्या अंगाने ओढलंस तर होडी जाळ्यावर चढणारच, त्यात मशीनचा काही दोष नाही. खाली साचलेलं पाणी त्याआधी उपसून टाक. होडी कलली की ते सगळं त्याच बाजूला धावतं.

घरी येताना मात्र सगळं उलट. वारा पश्चिमेचा, वायव्येचा, म्हणजे तुझ्या पाठीवर. मागून लाट आली की मागची बाजू उचलली जाते, नाळ पाण्यात घुसते आणि होडी नाळीवरच गरकन फिरते. तेव्हा खोका मागे आण, भावाला मागे बसव. मुखाच्या बाहेर थांबून लाटा बघ. मोठ्या लाटा घोळक्याने येतात आणि मध्ये थोडी उसंत मिळते. घोळक्यातली शेवटची मोठी लाट पुढे जाऊ दे, तिच्या पाठीवर राहून आत शीर. तिच्या माथ्यावरून पुढे जायचं नाही आणि मागच्या लाटेला गाठू द्यायचं नाही. मागची बाजू उचलली की घाबरून मशीन कमी करतात, तिथेच घात होतो. पंखा फिरेनासा झाला की वळवायला हातात काही उरत नाही. आणि मशीन बंद करणारा तो लाल दोरा मनगटाला बांधलेला असू दे. तो मशीनला नुसता लटकत ठेवलेला मी रोज बघतो, आणि रोज कुणाला तरी ओरडतो.

आता खरी गोष्ट वेळेची. खारा वारा, म्हणजे समुद्रावरून येणारा, साधारण अकरा-बाराला सुटतो, दोन ते चारच्या सुमारास जोरात असतो. त्याच वेळी ओहोटी असेल तर खाडीचं पाणी बाहेर येतं, वारा लाटा आत ढकलतो आणि दोघांच्या टकरीत लाटा आखूड, उभ्या होतात. म्हणून तिथीची पाऊणपट कर, भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण होते आणि दुपारभर उधाणाची जोरदार ओहोटी, वरून भर वारा. त्या दिवसांत दहा-अकराला, भरतीच्या पाण्यावरच आत ये. अष्टमीला आठची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, बाराला सुकती (पूर्ण ओहोटी), मग संध्याकाळपर्यंत पाणी आत चढतं आणि तेही भांगाचं, म्हणजे कमी चढउताराच्या भरती-ओहोटीचं, संथ. वारा तेवढाच असला तरी मुख बरंच नरम असतं. अर्ध्यापाऊण तासाचा फरक धर. मोबाइलवर वेळ मिळते, पण हे गणित भिजत नाही.

मशीन बंद पडलं तर नांगर नाळीकडूनच टाक, मागून कधीच नाही. मागून बांधलास तर लाट सरळ मशीनवरून आत येते. पाच वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाणी असेल तर तीस वाव दोर सोड, तोकड्या दोराचा नांगर घसरतो. पाणी खोल असेल तर जाळ्याचं टोक नाळीला बांधून ठेव. जाळं पाण्यात ओढ देतं, होडीचं तोंड वाऱ्याकडे राहतं. मग तटरक्षक दलाला 1554 वर फोन कर.

प्रश्न : हवामान खात्याच्या इशाऱ्यात ‘ताशी 45 ते 55 किमी, मध्येच 65’ असं येतं. मुलगा म्हणतो, 40पर्यंत आम्ही आरामात जातो. किती वाऱ्याला अडवू?
— एक आई, हर्णै

उत्तर : ताई, वारा दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. वीसला जी होडी हातात असते, तिच्यावर चाळीसला चौपट जोर पडतो. मुलाची होडी लहान असेल तर तीसच्या पुढे पाठवू नका. समुद्रभर लाटांची टोकं पांढरी दिसू लागली की तेवढा वारा आहे असं समजा, आकडा बघायची गरज नाही. आणि इशाऱ्यातल्या ‘मध्येच 65’कडे त्याचं लक्ष वेधा. होडी उलटते ती त्या एका झोताने. डिसेंबर 2017 मध्ये ओखी वादळाच्या वेळी केरळ-तमिळनाडूच्या मोठमोठ्या बोटी देवगड बंदरात आसऱ्याला आल्या होत्या. त्या बोटींपुढे याची होडी केवढी, ते त्यालाच विचारा.